घडणावळ लावायला लाजू नका!



हाताने दागिने बनवणाऱ्यांचा एक प्रश्न व्हिडिओखाली सतत येतो. "सर, माझे कानातले सगळ्यांना आवडतात. ऑर्डरी पण येतात. पण महिन्याच्या शेवटी हातात काहीच उरत नाही. मार्केटिंग कमी पडतंय का?"

माझं स्पष्ट मत सांगतो. बहुतेक वेळा मार्केटिंग कमी पडत नाही, घडणावळ कमी पडते. खरं तर ती लावलेलीच नसते. तार, मणी, हूक, डबी यांचा खर्च काढायचा, त्यात "थोडेसे" आपले टाकायचे आणि किंमत सांगून मोकळं व्हायचं. हाताची किंमत त्या "थोडेसे"मध्ये गायब होते.

आजचा विषय हाच. कलात्मक दागिना बनवणाऱ्याने आपल्या हाताची किंमत कशी काढायची, ती किंमत मागण्यालायक काम कसं उभं करायचं, आणि नवीन सुचण्यासाठी वेळ कसा राखायचा. या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक सुटली की बाकीच्या दोन सुटतात.

सोनाराकडे बघा

आपल्या घरात सोनं घेताना काय होतं? सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. कुठे ग्रॅममागे, कुठे टक्क्यांत, पण ती बिलावर वेगळी दिसते. उद्या तोच दागिना मोडायला गेलात तर घडणावळ परत मिळत नाही. हे आपल्या आईला, आजीला, सगळ्यांना माहीत असतं. तरीही ती दिली जाते. कारण धातू हा धातू आहे आणि त्याचा दागिना करणं ही वेगळी विद्या आहे, हे आपल्या समाजाने पूर्वीपासून मान्य केलेलं आहे.

मग तांबं, पितळ, माती, काच, धागा यांचा दागिना करणाऱ्याने घडणावळ का लावू नये? उलट त्याच्याकडे तर घडणावळीशिवाय दुसरं काही नाहीच! सोन्याच्या बांगडीत धातूची किंमत प्रचंड आणि घडणावळ तिच्या मानाने लहान. तांब्याच्या तारेच्या कानातल्यात तार वीस रुपयांची आणि बाकी सगळी किंमत हाताची. म्हणून इथे "मटेरियलच्या अमुक टक्के" हा हिशोबच चुकीचा ठरतो. वीस रुपयांचे टक्के काढून कोणाचं घर चालणार? इथे घडणावळ तासावर लावायची.

आता तुम्ही म्हणाल, "तासावर लावली तर किंमत वाढेल, घेणार कोण?" येतो त्याच्याकडे. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा.

या दागिन्यात माझा हात नेमका कुठे आहे?

हा प्रश्न थोडा टोचेल, पण विचारायलाच हवा.

भुलेश्वरहून किंवा पुण्याच्या रविवार पेठेतून तयार पेंडंट आणायचं, तयार मणी आणायचे, तयार हूक लावायचा आणि "हँडमेड" म्हणून फोटो टाकायचा. हा धंदा वाईट नाही. निवड, रंगसंगती आणि जोडणी यालाही नजर लागते. पण ही जोडणी आहे. तेच पेंडंट आणखी पन्नास जणी आणणार, आणि त्यातली एकजण तुमच्यापेक्षा दहा रुपये कमी लावणार. मग तुमचा भाव तुम्ही नाही, बाजार ठरवणार.

घडणावळ मागायची असेल तर दागिन्यात अशी एक तरी गोष्ट हवी जी तुमच्या हातातून निघाली आहे आणि बाजारात तयार मिळत नाही. तो ठोकून आणलेला पोत असेल, तारेची गुंफण असेल, मातीवर उठवलेला ठसा असेल, पत्र्यातून करवतीने कापलेला आकार असेल. एकच असू दे, पण तुमची असू दे.

सुरुवात करायची तर तारकाम सगळ्यात बरं. कारण भांडवल कमी लागतं. गोल तोंडाची पकड, चपट्या तोंडाची पकड, तार कापायची कातर, बारीक कानस, एक हातोडी आणि ठोकायला छोटी ऐरण किंवा गुळगुळीत पोलादी तुकडा. एवढ्यावर काम सुरू होतं. पण अवजारं थोडी आहेत म्हणून तंत्र सोपं आहे असं समजू नका. काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

• तांब्याची तार वाकवत, ठोकत राहिलात की ती कडक होत जाते आणि शेवटी तुटते. मध्येच ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा मऊ होते. कधी मऊ हवी आणि कधी कडक, हे कळणं म्हणजे निम्मं तारकाम. आकार देताना मऊ हवी. आकार झाल्यावर हलके ठोके देऊन कडक करायची, नाहीतर ग्राहकाच्या कानात दोन दिवसांत तो आकार बदलतो.

• तार मागताना नुसता नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. आपल्याकडच्या दुकानात सहसा ब्रिटिश मोजमापाचा गेज चालतो, तर परदेशी व्हिडिओत अमेरिकन. वीस नंबरची तार ब्रिटिश मापात साधारण ०.९१ मिलिमीटर असते आणि अमेरिकन मापात ०.८१. फरक छोटा दिसतो, पण मण्याच्या भोकातून तार जाणार की नाही, ते इथेच ठरतं.

• तांब्याला किंवा चांदीला जुनाट काळी झाक द्यायची तर गंधकाचं द्रावण वापरतात. छोट्या प्रमाणात करून बघायचं असेल तर उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक आणि दागिना एका बंद डब्यात ठेवा. बलकातून निघणारा गंधकाचा वायू धातू काळवंडवतो. मग वरचा उठाव घासून उजळायचा आणि खाचेत काळं राहू द्यायचं. नक्षी एकदम उठून दिसते.

• जोड दोन प्रकारे होतो. एक डाख देऊन, म्हणजे कमी तापमानाला वितळणारा धातू जोडात उतरवून. त्यासाठी टाकणखार लावावा लागतो, म्हणजे तापलेल्या धातूवर हवेने थर चढत नाही आणि डाख नीट वाहतो. दुसरा थंड जोड, म्हणजे रिबिट मारून, गुंडाळून किंवा कडीत कडी अडकवून. घरात लहान मुलं आहेत, स्वयंपाकघरातच काम करावं लागतं, तर थंड जोडातच हात पक्का करा. त्यात कमीपणा काही नाही.

कमीपणा नाही, याचा पुरावा मोठा आहे. अलेक्झांडर कॅल्डर हे नाव चित्र-शिल्पाच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. हवेत तरंगणारी 'मोबाइल' शिल्पं करणारा हा अमेरिकन शिल्पकार (१८९८–१९७६). त्याने आयुष्यात सुमारे १,८०० दागिने स्वतःच्या हाताने बनवले. बहुतेक पितळेच्या, चांदीच्या तारेचे, ठोकून चपटे केलेले. डाख तो शक्यतो टाळायचा. गुंडाळी, वळसे आणि रिबिट यांवरच जोड. १९५५ मध्ये तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे पाहुणा म्हणून राहिला होता आणि तिथेही त्याने काम केलं. आज त्याचे दागिने म्युझियममध्ये आहेत. तार आणि हातोडी तीच, जी तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून आणाल. पण ठोक्याची, वळणाची एक पद्धत त्याने इतकी आपली केली की दागिना लांबून बघितला तरी ओळखू येतो, हा कॅल्डर.

यातून आपल्यासाठी धडा काय? महिन्याला नवीन तंत्र पकडू नका. या महिन्यात रेझिन, पुढच्या महिन्यात पॉलिमर क्ले, मग मॅक्रमे, मग टेराकोटा! प्रत्येकाचं सामान घेऊन कपाट भरतं आणि हात कशातच बसत नाही. एक तंत्र धरा आणि त्याला एक वर्ष द्या.

आता वही काढा आणि तास मोजा

हा भाग वाचून सोडू नका, सोबत लिहा. आकडे मी उदाहरण म्हणून घेतोय. तुम्ही तुमचे टाका.

समजा तुम्हाला महिन्याला २५,००० रुपये हातात हवेत. तुम्ही महिन्यात २५ दिवस, रोज ६ तास देऊ शकता. झाले १५० तास. पण हे सगळे तास दागिना बनवण्याचे नसतात. फोटो काढणं, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणं, कुरियर, बाजारात जाऊन माल आणणं, नवीन डिझाइनचे नमुने करणं, हे सगळं त्यातच. प्रामाणिकपणे मोजलंत तर प्रत्यक्ष बनवायला ६० टक्के वेळ मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे ९० तास.

वीज, इंटरनेट, अवजारांची झीज, प्रवास यांचे महिन्याला २,००० धरा. म्हणजे ९० तासांतून २७,००० रुपये निघायला हवेत. तासाला झाले ३०० रुपये. ही तुमची घडणावळ.

आता एक कानातल्यांचा जोड घ्या:

• तार, हूक, मणी: ४० रुपये
• डबी, कार्ड, पिशवी: ३५ रुपये
• वेळ दीड तास, म्हणजे घडणावळ: ४५० रुपये
• बेरीज: ५२५ रुपये
• बिघडलेले नग, हरवलेले मणी, बदलून दिलेला माल यासाठी १० टक्के: साधारण ५३ रुपये

किंमत झाली साधारण ५८० रुपये. ही थेट ग्राहकाला विकण्याची किंमत.

आता बहुतेक जण काय करतात? "मटेरियल गुणिले तीन." ७५ गुणिले ३, म्हणजे २२५ रुपये. ऐकायला बरं वाटतं, तिप्पट झाले! पण त्यातून ७५ गेले, राहिले १५०, तेही दीड तासाचे. म्हणजे तासाला १००. महिन्याच्या ९० तासांचे ९,०००. त्यातून २,००० खर्च वजा. हातात ७,०००. आणि दिलेत किती तास? १५०. म्हणजे तासाला ४७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. बिघडलेला माल तर अजून धरलेलाच नाही.

या हिशोबात ऑर्डरी दुप्पट झाल्या तर काय होईल? रात्री जागाल, मनगट दुखेल, डोळे जातील, आणि तरी हातात १५-१६ हजार. म्हणून म्हणतो, भाव चुकलेला असेल तर जास्त विक्री हा उपाय नाही. विक्री वाढली की दमणं तेवढं वाढतं.

आणखी एक. माल दुकानात ठेवून विकणार असाल तर दुकानदार कमिशन घेणार. समजा ३५ टक्के. तर ५८० हातात येण्यासाठी दुकानातली किंमत साधारण ८९० हवी. इथे एक नियम पाळा. किंमत सगळीकडे एकच. दुकानात ८९० आणि तुमच्या पेजवर ५८० असं दिसलं की दुकानदार दुसऱ्या दिवशी माल परत करेल, आणि त्याचं बरोबर असेल. दुकानातून विकायचं ठरवलं असेल तर पहिल्या दिवसापासून सगळीकडे ८९० ठेवा. थेट विक्रीत वर जे राहतील ते प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडं, जाहिरात आणि कुरियर यात जाणार आहेत.

किंमत जास्त वाटते? रेट कमी करू नका, वेळ कमी करा

५८० ला तो जोड विकला जात नसेल, तर पहिला हात तासाच्या रेटला लावायचा नाही. रेट म्हणजे तुमचा पगार आहे. आधी दीड तास जातो कुठे ते बघा.

मोबाइलचं टायमर लावा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा. तार कापणं, वळवणं, ठोकणं, कानस मारणं, काळं करणं, उजळणं, जोडणं. एक-एक जोड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत असाल तर प्रत्येक वेळी अवजार बदलण्यात आणि हात बसण्यात वेळ जातो. त्याऐवजी दहा जोडांची तार एकदम कापा, दहाही एकदम वळवा, एकदम काळे करा. सारखा आकार येण्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यावर खिळे ठोकून साचा करा आणि त्याभोवती तार वळवा. मोजमाप दर वेळी करावं लागत नाही.

असं करून दीड तासाचा एक तास झाला तर हिशोब बदलतो. घडणावळ ३००, सामान ७५, त्यावर १० टक्के. किंमत साधारण ४१५. तुमचा पगार तोच राहिला आणि ग्राहकाला दागिना स्वस्त झाला.

मात्र एक सावधगिरी. जो टप्पा दागिन्याला तुमचा बनवतो, तिथे घाई करायची नाही. तुमचा ठोक्याचा पोत ही तुमची ओळख असेल तर कापणं, वळवणं, पॅकिंग यातून वेळ वाचवा, ठोकण्यातून नको.

आणि एवढं करूनही एखादं डिझाइन परवडत नसेल तर ते बंद करा. कितीही आवडतं असलं तरी. ते बहिणीच्या लग्नात भेट द्या, विकू नका.

काही तास विकायचे नाहीत

हा मुद्दा धंद्याचे व्हिडिओ बघणाऱ्यांना पटकन पटत नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आठवड्यातले तीन-चार तास असे ठेवा ज्यात ऑर्डरचं काम करायचं नाही. फोन बाजूला. नुसती तार घेऊन बसायचं आणि हात काय करतो ते बघायचं. दहा तुकडे वाया जातील, एक काहीतरी निघेल. हे तास वर ४० टक्क्यांत आपण धरलेले आहेत, म्हणजे त्यांची किंमत ग्राहक देतोय. म्हणून त्यांची लाज वाटून घेऊ नका आणि "ऑर्डर जास्त आहे" म्हणून ते खाऊनही टाकू नका. कारण आजची ऑर्डर ज्या डिझाइनवर आली आहे ते अशाच एका रिकाम्या तासात जन्मलेलं असतं. ते तास बंद झाले की सहा महिन्यांनी दाखवायला नवीन काही राहत नाही. मग पिंटरेस्ट उघडतं आणि नक्कल सुरू होते.

नक्कल करावी का? शिकायला जरूर करा, विकायला नाही. सगळे कारागीर नक्कल करूनच शिकतात. पण दुसऱ्याची डिझाइन तुमच्या नावाने विकली की तुमच्याकडे घडणावळ मागायचं कारणच राहत नाही.

मग नवीन सुचणार कुठून? घरातला जुना डबा उघडा. ठुशी हातात घेऊन बघा. बारीक मणी एकमेकांना खेटून कसे बसवलेत, म्हणून ती गळ्याला घट्ट आणि भरीव दिसते. चिंचपेटी बघा. मोत्यांच्या छोट्या पेट्या करून त्या ओळीने कशा जोडल्यात, म्हणून ती गळ्याच्या गोलाईबरोबर वळते. बुगडी कानाच्या वरच्या पाळीवर कशी पकडून राहते ते बघा. नुसती नक्षी उतरवू नका, बांधणी समजून घ्या. जोड कुठे आहे, वजन कुठे पडतं, वळतं कुठे. बांधणी कळली की ती तांब्यात, मातीत, धाग्यात तुमच्या पद्धतीने करता येते. मग तो दागिना जुना पण नसतो आणि नक्कल पण नसते.

एखादी डिझाइन खरोखर वेगळी झाली आणि तिच्यावर मोठा धंदा उभा करायचा विचार असेल, तर डिझाइन कायदा, २००० खाली तिची नोंदणी होऊ शकते. संरक्षण आधी १० वर्षांचं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण अट अशी की डिझाइन नवीन हवी, आधी जाहीर झालेली नको. म्हणजे अर्ज आधी, इन्स्टाग्राम नंतर! प्रत्येक डिझाइनसाठी हा खर्च करू नका. जिच्यावर दोन-तीन वर्षं अवलंबून राहणार, तिच्यासाठीच विचार करा.

"बाजारात तर शंभरला मिळतात!"

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. तुळशीबागेत शंभरला मिळतात, खरं आहे. त्यावर रागवायचं नाही आणि वादही घालायचा नाही. शांतपणे म्हणा, "हो ताई, मिळतात. त्या मशीनवर निघतात. हे मी तार ठोकून बनवलेत, एका जोडाला दीड तास लागतो. हातात घेऊन बघा." एवढंच बोलायचं आणि दागिना त्यांच्या हातात द्यायचा. ज्यांना शंभरचे हवेत त्या तुळशीबागेत जातील, आणि जाऊ द्या. त्या तुमच्या ग्राहक नव्हत्याच.

डबीत एक छोटं कार्ड ठेवा. त्यावर तीन ओळी पुरतात: कशाचा बनवला, कसा बनवला, कसा जपायचा. स्टॉलवर एक अर्धवट दागिना आणि हातोडी ठेवा, रिकाम्या वेळी तिथेच काम करा. भाव करणारा माणूस हात चालताना बघतो तेव्हा त्याची भाषा बदलते. सोनाराच्या दुकानात हे आपोआप व्हायचं, कारण कारागीर समोरच बसलेला असायचा. आपल्याला ते मुद्दाम दाखवावं लागतं.

घडणावळ मागायची तर विश्वास पण द्यायचा

जास्त किंमत घेणाऱ्याने जास्त खरं बोललं पाहिजे. इथे अनेक जण, कधी नकळत, घसरतात.

"ऑक्सिडाइज्ड सिल्व्हर" म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा चांदी नसतेच. "जर्मन सिल्व्हर" तर नावातच फसवं. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी अजिबात नाही. आणि निकेलची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. कान लाल होतो, खाजतो, पाणी सुटतं. एकदा कुणाचा कान सुजला की ती बाई परत येत नाही, आणि दहा जणींना सांगते. म्हणून भोकातून जाणारा भाग, म्हणजे हूक किंवा दांडी, चांगल्या चांदीची, टायटॅनियमची किंवा सर्जिकल ग्रेड स्टीलची घ्या. दोन पैसे जास्त जातील, ते किमतीत धरा. चांदी म्हणून विकत असाल तर ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. चांदीचा मुलामा असेल तर कार्डावर "मुलामा" असंच लिहा.

तांब्याने घामामुळे त्वचेवर हिरवट डाग पडतो. तो धुतला की जातो. पण ग्राहकाला हे आधी सांगितलंत तर ती माहिती असते, आणि नंतर सांगितलंत तर ती सबब वाटते. वजनाचंही तसंच. प्रत्येक जोड छोट्या काट्यावर तोला, कार्डावर ग्रॅम लिहा आणि विकण्याआधी स्वतः किंवा घरातल्या कुणी दिवसभर घालून बघा.

दुरुस्तीची हमी द्या. "सहा महिन्यांत जोड सुटला तर फुकट लावून देऊ." मशीनचा माल विकणारा हे देऊ शकत नाही, कारण त्याने तो बनवलेलाच नसतो. तुम्ही बनवलाय, तुम्हाला पाच मिनिटं लागतात.

शेवटचा मुद्दा: घरातलं गणित

हे काम घरातून करणाऱ्यांमध्ये भगिनी खूप आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. "घरीच बसून तर करतेस", "वेळ जातो तुझा", "हौस आहे तिची" ही वाक्यं बाहेरचा ग्राहक बोलत नाही, घरची माणसं बोलतात. प्रेमानेच बोलतात. पण ती ऐकून ऐकून आपल्यालाच वाटायला लागतं की आपल्या तासाला किंमत नाही. मग किंमत सांगताना आवाज आपोआप खाली जातो. ग्राहकाने भाव करायच्या आधीच आपण शंभर कमी केलेले असतात.

हौस म्हणून करत असाल तर आनंदाने करा आणि भेट द्या. पण पैसे घेऊन विकत असाल तर पूर्ण घडणावळ घ्या. तुम्हाला गरज नसली तरी घ्या. कारण तुमच्या शेजारच्या स्टॉलवर जी बसली आहे तिचं घर कदाचित यावरच चालतं. तुम्ही २२५ ला विकलंत की तिला ५८० मागता येत नाहीत. एकीच्या हौसेने दुसरीची चूल विझू नये, एवढं भान धंद्यात हवंच.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा सगळ्यात जास्त विकला जाणारा दागिना घ्या. टायमर लावून तीन नग बनवा आणि टप्प्याटप्प्याची वेळ लिहा.

२. वरच्या पद्धतीने तुमचा तासाचा रेट काढा आणि त्या दागिन्याची खरी किंमत लिहा. आजच्या किमतीशी तुलना करा.

३. आठवड्यातले तीन तास ठरवा जे विकायचे नाहीत. वार आणि वेळ लिहून भिंतीवर लावा आणि घरच्यांना सांगा.

४. पुढच्या बिलावर "सामान" आणि "घडणावळ" या दोन वेगळ्या ओळी लिहा. ग्राहकासाठी नाही जमलं तर निदान स्वतःच्या वहीत तरी.

जुन्या ग्राहकांना एकदम नवीन किंमत सांगणं जड वाटेल. तर नवीन डिझाइन नव्या किमतीने आणा आणि जुनी हळूहळू बंद करा. काही ग्राहक जातील, हे गृहीत धरा. जे राहतील ते तुमच्या हातासाठी राहिलेले असतील, आणि धंदा त्यांच्यावरच उभा राहतो.

तुमचा तासाचा रेट किती निघाला ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आकडा लहान निघाला तरी लिहा. एकदा डोळ्यासमोर आला की तो वाढवता येतो.

भेटूया पुढच्या भागात. हात चालू ठेवा, आणि हिशोबही!